पाळणा, पाट आणि पगारी रजा

मराठी घरात मूल जन्मले की पहिल्या वर्षभर समारंभांची रांग लागते. पाचव्या-सहाव्या दिवशी पाचवी आणि सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसे, सहाव्या महिन्याच्या आसपास उष्टावण, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोयीच्या दिवशी बोरन्हाण, कुणाकडे जावळ आणि वर्ष भरले की पहिला वाढदिवस. आई नोकरी करणारी असेल तर याच वर्षात तिचे आणखी एक वेळापत्रक चालू असते, ते रजेचे. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रजा, निव्वळ दुधाचा काळ आणि उष्टावण हे तिन्ही कागदावर एकाच सुमारास संपतात किंवा सुरू होतात. प्रत्यक्षात मात्र रजेतले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात आणि आधी जितके जातील तितके नंतरचे कमी होतात. आठही आठवडे आधी गेले, तर बाळ चार महिन्यांचे होते न होते तोच आईला कामावर हजर व्हावे लागते.

या दोन वेळापत्रकांचा मेळ कसा घालायचा, यावर घरोघर दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, आई कामाला जाते म्हणून मुलाचा एकही टप्पा कोरडा जाऊ नये. वेळ कमी असतो म्हणूनच हे दिवस राखून ठेवायचे. दुसरे मत असे की, घर आणि कचेरी अशा दोन पाळ्या करणाऱ्या बाईवर समारंभांची तिसरी पाळी लादू नये. पुढच्या संवादात पहिली बाजू एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेची आहे. दुसरी बाजू तिच्या भाचीची. ती बँकेच्या शाखेत काम करते आणि तिचा मुलगा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेला आहे. दोन्ही व्यक्ती मांडणीसाठी कल्पिलेल्या आहेत, त्यांचे म्हणणे मात्र कुठल्याही घरात ऐकू येईल असे आहे.

भाचीचा पहिला आक्षेप पसाऱ्यावर आहे. "आत्या, बारशाला हॉल, उष्टावणाला केटरर, आता बोरन्हाण काढलंस. रजा माझी, जागरण माझं, आणि कुणाला काय आहेर करायचा, कुणाला फोन करायचा राहिला, तेही मीच बघायचं. एवढं करून बाळाला यातलं काही कळत नाही."

आत्याला हे अर्धेच पटते. "बाळाला कळत नाही, कबूल. पण बारसं एकट्या बाळासाठी असतं का? नवं माणूस घरात आलं, त्याला आता या नावानं हाक मारायची, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं. तुझं नाव मी ठेवलंय. तुझी आई तेव्हा पाटावर बसून होती, तिला उठूसुद्धा दिलं नव्हतं कुणी."

आत्याचा मुद्दा समजून घ्यायचा तर बारसे जवळून पाहावे लागते. पाळण्याला फुलांच्या माळा बांधतात, पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका उभ्या राहतात. वरवंट्याला कुंची घालतात आणि तो पाळण्याखालून एकीने दुसरीच्या हातात द्यायचा, पाळण्यावरून परत घ्यायचा. बाळाची आत्या वाकते, त्याच्या कानात कुर्र करते आणि नाव सांगते. त्याच क्षणी तिच्या पाठीत जमलेल्या बायकांचे धपाटे बसतात. मग पाळणे म्हणतात, घुगऱ्या वाटतात. या सगळ्यात बाळंतिणीला एकही काम नेमून दिलेले नाही. तिची ओटी भरली जाते, तिच्या हातात बाळ दिले जाते. उष्टावणातही तसेच. खीर भरवण्याचा मान मामाचा, चांदीची वाटी बहुधा आजोळची. पुढे पुस्तक, लेखणी, सोने, एखादे अवजार असे काहीबाही मांडतात आणि मूल कशाला हात घालते ते पाहायला सगळे गोळा होतात. बोरन्हाण तर आळीतल्या पोरांचेच. काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातलेल्या मुलाला पाटावर बसवायचे, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा ओतायच्या आणि त्या लुटायला लहान मुलांची झुंबड सोडायची.

"बाळंतिणीनं समारंभ करायचा अशी रीत नव्हती," आत्या सांगते. "नाव आत्याचं, खीर मामाची, लूट शेजारच्या पोरांची. तू सगळ्याची यजमानीण झालीस. म्हणून तुला ते जड जातंय."

या मांडणीत बरेच तथ्य आहे. आजच्या शहरी समारंभात मान वाटलेले राहिले, पण कामे एकवटली. हॉल ठरवणे, फुगे, नावाची पाटी, परतीच्या भेटी, छायाचित्रकार, निमंत्रणाचा व्हिडिओ हे सारे मोबाइलवरून होते आणि तो मोबाइल बहुतेक घरांत आईच्या हातात असतो. दर महिन्याला बाळाला नवा पोशाख घालून फोटो काढण्याची रीत जुन्या कुठल्याही विधीत नाही. ती गेल्या काही वर्षांतली आहे आणि तिचा भारही आईवरच येतो.

भाचीचे उत्तर मात्र नेमके आहे. "तू म्हणतेस त्या धपाटे घालणाऱ्या बायका आता कुठून आणू? जाऊ हिंजवडीला कामाला जाते, वन्सं दुबईला. आणि तेव्हा तरी ते काम हलकं झालं होतं का गं? आईच्या अंगावरचं काकूच्या अंगावर गेलं, आजीच्या अंगावर गेलं. तू शाळेतून येऊन पुरण वाटलंस. त्यात पुरुषाचा हात कुठे लागला?"

आत्या याला विरोध करत नाही, करताही येत नाही. जुन्या घरात आईला विसावा मिळत असे तो घरातल्या इतर बायकांच्या श्रमातून, आणि त्या श्रमाची नोंद कुठे होत नसे. आता ती होऊ लागली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात आणि घरकामात हात घालणारे पुरुष 97 मिनिटे, असे आढळले. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. स्त्रियांचे दहा मिनिटांचे काम कमी झाले, पण ते पुरुषांनी उचलले असे म्हणायला जागा नाही, कारण त्यांचीही नऊ मिनिटे कमीच झाली. नणंद-जावा नोकरीला लागल्या, आजी वेगळ्या गावी राहिली आणि त्यांच्या वाटणीचे काम घरातल्या पुरुषाकडे न जाता आईकडे परत आले, हा या वादातला कळीचा मुद्दा आहे. समारंभ ठेवावेत की सोडावेत याआधी ते कोण करणार, हे ठरले पाहिजे.

बापाच्या वाट्याला या पहिल्या वर्षात काय येते, हेही पाहायला हवे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत अजून बरीच टिकून आहे. त्यामुळे बाळाचे पहिले दोन-तीन महिने बाप शनिवारी रात्रीच्या गाडीने येतो आणि सोमवारी सकाळी कामावर जातो. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी नोकरीत बापाला अशी रजा द्यावी, असे कुठलाही केंद्रीय कायदा सांगत नाही. ज्या कंपन्या देतात त्या स्वतःहून देतात. बाळाला अंघोळ घालणे, ढेकर काढणे, रात्री तिसऱ्यांदा उठणे या गोष्टी ज्या आठवड्यांत हाताला बसतात, नेमक्या त्या आठवड्यांत बाप तिथे नसतो. पुढे सहाव्या महिन्यात आई कामावर निघाली की त्याला सगळे एकदम शिकावे लागते, आणि न शिकण्याची सबबही तोवर तयार असते.

"मग त्याला शिकव की," आत्या म्हणते. "उष्टावणाची खीर मामानं भरवावी, पण शिजवायला जावयाला सांग. मी येऊन शेजारी उभी राहते."

"तू नको उभी राहूस," भाची म्हणते. "तू असलीस की तो पळी तुझ्या हातात देतो."

रजेविषयी दोघींचे बोलणे होते तेव्हा आत्या थोडी दुखावलेली असते. तिच्या नोकरीत बाळंतपणाची रजा तीनच महिने होती. तिचा मुलगा तीन महिन्यांचा असताना ती पुन्हा वर्गावर उभी राहिली आणि मधल्या सुट्टीत कोऱ्या भिंतीकडे तोंड करून दूध काढून टाकत असे. "तुम्हाला सहा महिने मिळाले, तरी पुरत नाहीत म्हणता," हे वाक्य त्या आठवणीतून आलेले आहे.

ही रजा कुणाच्या कृपेने आलेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बायका काम करत असताना बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक मुंबई विधिमंडळापुढे आले. 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले आणि 1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. देशभराचा कायदा यायला त्यानंतर तीन दशके लागली. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या स्त्री कामगारांच्या खटल्यात हा लाभ त्यांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन सवडी तर आधीपासूनच कायद्यात होत्या. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी 180 दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली; केंद्रात अशी रजा 730 दिवसांची आहे.

खाजगी क्षेत्रात या रजेचा सगळा पगार मालकाने द्यायचा असतो, सरकार त्यात वाटा उचलत नाही. कर्मचारी राज्य विम्याखाली येणाऱ्या कामगारांचा लाभ तेवढा विम्यातून जातो. त्यामुळे नव्याने लग्न झालेल्या मुलीला नोकरीवर घेताना मालकाच्या मनात हिशेब सुरू होतो. चांगल्या हेतूने केलेल्या कायद्याची ही एक कच्ची बाजू आहे. 26 आठवड्यांची रजा आईबापांत वाटता आली असती तर हा हिशेब एकट्या बाईच्या नावावर मांडला गेला नसता.

आत्याचा पुढचा प्रश्न भाचीला निरुत्तर करतो. "तुझं मूल जिच्याकडे राहतं, तिच्या रजेचं काय?" पाळणाघर चालवणारी ताई स्वतः दोन मुलांची आई आहे. तिच्या धाकट्याचे उष्टावण झाले त्या दिवशीही दुसऱ्यांची पाच मुले तिच्या खोलीत होती. घरकाम करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या, घरबसल्या तुकड्यांवर काम करणाऱ्या बहुसंख्य बायकांना 26 आठवडे नुसते ऐकून माहीत असतात. बांधकामाच्या जागी दोन खांबांना बांधलेली साडीची झोळी हाच पाळणा असतो. अशा मुलांसाठी 1969 मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेशेस ही संस्था सुरू केली आणि बांधकामांच्या जागीच पाळणाघरे उभी केली. पुढे हे काम मुंबईतही आले. शहरातली नोकरदार आई दुसऱ्या नोकरदार आईच्या आधाराने कामावर जाते. म्हणून या विषयाची चर्चा एका घरापुरती ठेवली तर ती अपुरी राहते.

भाचीच्या मनाला खरी टोचणी आहे ती समारंभांची नाही, पहिलेपणाची. पहिले पालथे पडणे, पहिला दात, पहिला शब्द, पहिले पाऊल. यांना मुहूर्त नसतो आणि सुट्टीचा दिवसही ते पाहत नाहीत. मूल दिवसाचे नऊ तास पाळणाघरात असेल तर यातले काही ना काही तिथेच घडणार.

"मी ताईंना सांगून ठेवलंय," भाची म्हणते. "तो चालायला लागला तर मला सांगू नका. घरी जेव्हा चालेल तेच मी पहिलं पाऊल धरीन."

आत्याला हे मुळीच मान्य नाही. "असं कसं? त्या बाईनं दिवसभर त्याला हाताला धरून चालवायचं, आणि तो सुटा चालला की तोंड मिटून बसायचं? तिचाही काही आनंद आहे की नाही? अगं, मी चाळीस चाळीस मुलांना पहिलं अक्षर काढायला शिकवलं. त्यांच्या आया फाटकाशी आल्या की आधी तेच सांगायचे मी. एकीलाही वाईट वाटलेलं आठवत नाही."

"त्या अक्षराचं वेगळं. पाऊल आईनं बघायचं असतं."

"कोण म्हणतं? बघायला मोठं माणूस हवं, जवळचं हवं. तुझं पहिलं पाऊल तुझ्या आजोबांनी पाहिलं, आई विहिरीवर होती. घरी असूनही नाही दिसलं तिला."

इथे बालविकासाचे शास्त्र आत्याच्या मदतीला येते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून 2006 मध्ये हालचालींच्या सहा टप्प्यांचे कालावधी प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणे 3.8 ते 9.2 महिने, रांगणे 5.2 ते 13.5 महिने, आधाराशिवाय उभे राहणे 6.9 ते 16.9 महिने, स्वतंत्र चालणे 8.2 ते 17.6 महिने. निरोगी मुलांमध्येही चालण्याच्या वयात नऊ महिन्यांहून अधिक अंतर पडते. काही मुले तर हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. तेव्हा शेजारचे मूल अकराव्या महिन्यात चालले आणि आपले तेराव्यात, याचा आईच्या नोकरीशी संबंध जोडणे चूक आहे. असा संबंध जोडणारे नातेवाईक मात्र प्रत्येक घरात भेटतात.

शिवाय चालणे ही एका क्षणाची घटना नाही. मूल आधी पलंगाची कड धरून उभे राहते, कडेकडेने सरकते, एक हात सोडते, दोन पावले टाकून बसकण मारते, दुसऱ्या दिवशी विसरल्यासारखे पुन्हा रांगते आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी खोली ओलांडते. यातले पहिले पाऊल कोणते, हे पाहणाऱ्यालाही सांगता येत नाही. पाळणाघरातली दोन पावले आणि घरातली चार, दोन्ही त्याच शिकण्यातली आहेत.

एका बाबतीत भाचीचा बेत उघडच बाजूला ठेवायला हवा. मूल केव्हा बसले, केव्हा उभे राहिले, हे लसीकरणाच्या वेळी डॉक्टर विचारतात. त्यावरून वाढीत काही अडथळा आहे का, हे कळते. पाळणाघरातली बाई गप्प राहिली तर ही नोंदच चुकते. शेवटी ठरले ते असे. ताईने एका वहीत रोज दोन ओळी लिहायच्या: काय खाल्ले, किती झोपला, नवीन काय केले. संध्याकाळी वही बाप आणतो आणि मोठ्याने वाचून दाखवतो. फोटो-व्हिडिओपेक्षा ही वही बरी, असे आत्याचे मत आहे, आणि इतर मुले सांभाळताना ताईचे लक्ष मोबाइलमध्ये राहू नये हे त्यामागचे कारण रास्त आहे.

तिथी की रविवार, या प्रश्नावर फार वाद होत नाही. बोरन्हाणाला वर्षागणिक कमी-अधिक दिवसांची सवड असते, कारण संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते आणि रथसप्तमी त्यानंतर माघात. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत ते कधीही करता येते. उष्टावण मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करतात, त्यामुळे सहावा चुकला तर आठवा आहे. मात्र खीर भरवण्याचा समारंभ पुढे गेला तरी वरचे अन्न पुढे ढकलू नये. सहा महिने पूर्ण झाले की बाळाला निव्वळ दुधाने भागत नाही. मऊ भात, वरण, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे हे त्या आठवड्यातच सुरू व्हायला हवे. मामाला सुट्टी मिळाली नाही म्हणून मूल महिनाभर दुधावर ठेवणारी घरे आहेत, आणि तेवढ्याबाबतीत आत्यासुद्धा रीत बाजूला ठेवायला तयार आहे.

पहिल्या वाढदिवसाला तारखेची खरी अडचण येते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाखेत कर्जखाती, वसुली, ताळेबंद यांची धांदल असते आणि भाची रात्री उशिरा घरी पोचते. तिचे म्हणणे, वाढदिवस सरळ एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी करावा, त्या दिवशी बँका बंद असतात. आत्याचे म्हणणे, जन्मदिवस तो जन्मदिवस.

"सकाळी साडेसातला निघतेस ना? सातला पाट मांड. ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. पाच मिनिटांत औक्षण होतं. केक आणि माणसं घाल तुझ्या शनिवारी."

"आणि ताम्हण कोण घासून ठेवणार?"

"आदल्या रात्री त्याचा बाप."

भाची यावर राजी होते, ती दोन कारणांनी. पाच मिनिटांच्या औक्षणाला रजा लागत नाही, आणि त्यासाठी कुणाला बोलवावे लागत नाही. वाढदिवसाचा हा जुना भाग नोकरी करणाऱ्या घराला सर्वांत सोयीचा आहे. नव्या भागाबद्दल मात्र हात आखडता घेतलेलाच बरा. वर्षाच्या मुलाला मोठा आवाज, फुग्यांचे फुटणे आणि अनोळखी माणसांचे हात सहन होत नाहीत. पुष्कळ मुले आपल्या पहिल्या वाढदिवसाच्या संध्याकाळी रडून रडून झोपी जातात आणि केक त्यांच्याशिवाय कापला जातो.

या सगळ्या टप्प्यांत आईचे स्वतःचे टप्पे कुणी मोजत नाही, ही भाचीची तक्रार शेवटी येते, पण ती सर्वांत खोल आहे. बाळाला सोडून पहिला दिवस कामावर जाणे, बैठकीत बसलेली असताना दूध भरून येऊन कपडे ओले होणे, बाळ तापलेले असताना ग्राहकाशी शांतपणे बोलणे, सहा महिन्यांत बदललेली संगणकप्रणाली पुन्हा शिकणे, पहिल्यांदा बाळाला बापाजवळ ठेवून दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाणे हे सगळे तिच्यासाठीही पहिल्यांदाच घडत असते. मुंबईत या गोष्टींना एक जागा मिळाली, ती लोकलच्या बायकांच्या डब्यात. चर्चगेट ते बोरिवली अशी लेडीज स्पेशल 5 मे 1992 रोजी सुरू झाली, पण डब्यातले मैत्र त्याहून जुने. संध्याकाळच्या गाडीत मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात. रोजच्या गटातल्या एखादीला दिवस गेले तर तिचे डोहाळजेवण धावत्या गाडीत होते, प्रत्येकीच्या डब्यातून एकेक पदार्थ येतो. रजा संपवून पहिल्या दिवशी गाडीत चढलेल्या आईला जागा देणाऱ्या आणि बाळ कुणाकडे ठेवलेस असे विचारणाऱ्या बायका तिथे असतात. तिचे परतणे ओळखून त्याची दखल घेणारा असा दुसरा घोळका शहरात क्वचितच सापडतो.

"मला या वर्षी बढतीची परीक्षा द्यायची आहे," भाची सांगते. "सगळे म्हणतात, मूल लहान आहे, पुढच्या वर्षी बघ. बढती झाली की बदली होणार, म्हणून."

आत्या यावर लगेच बोलत नाही. तिने मुख्याध्यापकपदाची संधी दोनदा नाकारली होती, कारण दोन्ही वेळा शाळा दुसऱ्या तालुक्यात होती. त्याबद्दल ती आजही खंत करत नाही. मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचे आजारपण हे तिला तेव्हा मोठे वाटले आणि अजूनही वाटते. भाचीने तसेच करावे असे तिला मनातून वाटते. "मूल तीन वर्षांचं होऊ दे. नोकरी कुठे पळून जात नाही," असे ती शेवटी म्हणते.

"पळून जाते, आत्या. एकदा मागे पडलं की मागच्या मुली पुढे जातात, आणि पगारातला तो फरक निवृत्तीपर्यंत राहतो."

या प्रश्नावर दोघींचे एकमत होत नाही. बदलीच्या गावी पाळणाघर मिळेल का, नवरा दोन वर्षे मुलाला घेऊन राहील का, आजी सोबत येईल का, या तीन उत्तरांवर तो अवलंबून आहे आणि ती उत्तरे प्रत्येक घरात निराळी असतात. आत्याच्या बाजूने एवढे म्हणता येते की, तिचा निर्णय तिने स्वतः घेतला होता. भाचीच्या बाजूने असे की, हा प्रश्न तिच्या नवऱ्याला त्याच्या बढतीच्या वेळी कुणीही विचारला नाही.

पहिल्या वर्षानंतर टप्पे विरळ होतात आणि पुढचा मोठा टप्पा शाळेचा. राज्यातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. बालवाडीत पहिले काही दिवस तासा-दोन तासांचेच असतात आणि त्या दिवसांत मुलाला न्यायला-आणायला घरचे माणूस लागते. या आठवड्यासाठी एक दिवसाची रजा पुरत नाही, हे नोकरी करणाऱ्या आईला बहुधा ऐन वेळी कळते. भाचीने ते आधीच हिशेबात धरले आहे. तिच्या योजनेत सोमवार-मंगळवार तिचे आहेत, बुधवार ते शुक्रवार नवऱ्याचे. आत्याने यात एकच भर घातली आहे: पहिल्या दिवशी निघण्याआधी देवापुढे पाटीवर श्री काढून घ्यावा, आणि मुलाचा हात धरून तो कुणी गिरवायचा, हे नवरा-बायकोने आपसात ठरवावे.